शिसपेन्सिलीत शिसं नसतं, मग ते असतं कुठे?

मध्यंतरी एका रात्री धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, चिऊनं पेन्सिलीचं टोक चावून खाल्लं गं. शिसं गेलं ना पोटात? दवाखान्यात नेऊ का?" चिऊ अडीच वर्षांची आहे. हाताला लागेल ते तोंडात, असं तिचं सध्या चाललंय.

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे घरातले असले फोन माझ्याकडेच येतात. तिला म्हटलं, घाबरू नकोस. शिसपेन्सिलीत शिसं नसतं. आत असतं ते ग्रॅफाइट, म्हणजे कार्बन, आणि थोडी चिकणमाती. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये ग्रॅफाइटचा मोठा साठा सापडला, तेव्हा लोकांना तो शिशाचाच प्रकार वाटला. पुढे खरं काय ते कळलं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच, आणि मराठीतही येऊन बसलं.

तिचा जीव भांड्यात पडला. माझा पडेना. तिचं घर जुन्या इमारतीत आहे, लाकडी खिडक्यांचं. खिडक्यांवर वर्षानुवर्षांचे ऑइलपेंटचे थर. गेल्या दिवाळीआधी रंगकाम निघालं तेव्हा मीच हौसेनं पॉलिश पेपर घेऊन दोन खिडक्या घासल्या होत्या. पिवळसर हिरवी भुकटी खिडकीच्या पट्टीवर, फरशीवर, माझ्या ओढणीवर साचली होती आणि चिऊ तिथेच बसून डबे वाजवत होती. पेन्सिलीत नसलेलं शिसं त्या भुकटीत असण्याची शक्यता बरीच होती. हे मला त्याच दिवशी सुचायला हवं होतं. सुचलं नाही, याचं वाईट वाटतं. या विषयावर नीट, सगळ्यांना कळेल असं लिहायचं मी त्या फोननंतर ठरवलं.

शिसं हा माणसाला पहिल्यापासून आवडलेला धातू. ३२७ अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणजे साध्या भट्टीवरच्या कढईतही त्याचं पाणी होतं. मऊ, जड, स्वस्त, लवकर न गंजणारा. रंगात त्याची संयुगं मिसळली की रंग चकाकतो, लवकर वाळतो, ऊनपावसात टिकतो. मच्छीमारांच्या जाळ्याला वजन म्हणून शिसं, इन्व्हर्टरच्या बॅटरीत शिसं, जुन्या नळांच्या जोडांत शिसं. सोय एवढी, की त्याचा उपद्रव ठाऊक असूनही माणसानं ते सोडलं नाही.

आता शरीरात काय होतं ते पाहू. लोह, जस्त, अगदी किंचित तांबंही शरीराला लागतं. शिशाचं मात्र शरीरात काहीच काम नाही. तरीही ते आत घेतलं जातं, कारण शरीर त्याला कॅल्शियम समजतं. दोघांच्या आयनांवर दोन-दोन धन प्रभार, आकारही जवळपास सारखा. जिथे जिथे कॅल्शियमची जागा आहे तिथे शिसं जाऊन बसतं, पण कॅल्शियमचं काम करत नाही. आतड्यात लोह आत घेणारी जी प्रथिनं असतात, त्यांनाही हा परका ओळखता येत नाही. शरीरात लोह कमी पडलं की ही प्रथिनं वाढतात, कारण शरीर लोहासाठी आणखी दारं उघडतं. त्याच उघड्या दारांतून शिसंही शिरतं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या ६७ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला होता. या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या की आपली मुलं किती उघड्यावर आहेत ते कळतं. त्यात भर म्हणजे आत गेलेलं शिसं रक्तातलं हिमोग्लोबिन तयार होण्यातच अडथळा आणतं. म्हणजे रक्तक्षयामुळे शिसं वाढतं आणि शिशामुळे रक्तक्षय.

मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी साधारण दहावा हिस्सा रक्तात उतरतो. लहान मुलांत हेच प्रमाण निम्म्यापर्यंत जातं. शिवाय मूल जमिनीवर खेळतं, बोटं चोखतं, खिडकीची पट्टी चाटतं. त्याच घरात, त्याच धुळीत आईबाबांपेक्षा मुलाच्या अंगात जास्त शिसं जातं ते यामुळे.

रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्म्यावर येतं. ऐकून बरं वाटतं, पण कमी झालेलं सगळं काही लघवीवाटे जात नाही. बरंचसं हाडांत जाऊन बसतं. मोठ्या माणसाच्या अंगातलं ९० टक्क्यांहून जास्त शिसं हाडांत आणि दातांत असतं, आणि तिथलं निम्मं व्हायला दहा ते तीस वर्षं लागतात.

माझ्या आजोळी अंगणात पेव होतं. जमिनीत खोल खणलेलं, तोंडावर दगडी फरशी टाकून शेणामातीनं लिंपलेलं. आम्ही पोरं त्यावर लंगडी खेळायचो. खाली पोत्यांनी जोंधळा आहे हे वरून कळायचंही नाही. अडचणीच्या दिवसांत पेव उघडलं जायचं, आणि तेव्हा आजी आम्हाला दूर उभं करायची. उघडल्या उघडल्या आत वाकायचं नाही, जीव गुदमरतो, म्हणायची. हाडांतलं शिसं त्या पेवासारखं आहे. बालपणी भरलेलं, वर्षानुवर्षं गप्प पडून असलेलं. ते उघडतं ते शरीराला कॅल्शियमची निकड लागते तेव्हा: गरोदरपणात, बाळ अंगावर पीत असताना, पाळी थांबल्यावर हाडं झिजू लागतात तेव्हा, म्हातारपणी.

हे अंदाजानं म्हटलेलं नाही. जगातल्या वेगवेगळ्या खाणींतल्या शिशाला स्वतःचा ठसा असतो. त्यातल्या समस्थानिकांचं, म्हणजे शिशाच्याच वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं, आपसातलं प्रमाण प्रत्येक ठिकाणी निराळं. ब्रायन गल्सन या शास्त्रज्ञानं १९९० च्या दशकात पूर्व युरोपातून ऑस्ट्रेलियात राहायला आलेल्या स्त्रियांचं रक्त गरोदरपणात पुन्हा पुन्हा तपासलं. त्या खात होत्या ऑस्ट्रेलियातलं अन्न, पीत होत्या तिथलंच पाणी. तरी दिवस जातील तसं त्यांच्या रक्तात मायदेशाच्या ठशाचं शिसं वाढत गेलं. ते त्यांच्या हाडांतून निघत होतं. आईच्या रक्तातलं शिसं वारेतून बाळापर्यंत पोचतं. म्हणजे एका मुलीच्या बालपणीची धूळ पंचवीस वर्षांनी तिच्या बाळाच्या अंगात उतरू शकते. मला या सगळ्या विषयात सर्वात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते.

बाळाच्या मेंदूचं काय होतं? मेंदूच्या एका पेशीकडून दुसरीला निरोप जातो तो कॅल्शियमच्या इशाऱ्यावर. पहिल्या काही वर्षांत मेंदू झपाट्यानं नव्या जोडण्या करतो, आणि ज्या वापरात येत नाहीत त्या छाटून टाकतो. शेतात विरळणी करावी तसं. या नाजूक काळात कॅल्शियमच्या जागी शिसं येऊन बसलं की इशारे चुकतात आणि विरळणी चुकीच्या ठिकाणी होते. बाहेरून काहीच दिसत नाही. मूल हसतं, खेळतं, वजनही वाढतं. पुढे शाळेत लक्ष लागत नाही, वाचायला वेळ लागतो, चटकन चिडतं, आणि घरचे म्हणतात, अभ्यासाचा कंटाळा आहे. बुद्ध्यंक चार-पाच गुणांनी कमी झाला तर कुणा एका मुलाकडे बघून तो कळणार नाही. वर्गच्या वर्ग मोजला तरच कळेल.

तसं मोजणारा एक माणूस होता, अमेरिकेतला हर्बर्ट नीडलमन. लहान मुलांचा डॉक्टर. रक्तातलं शिसं कमी होऊन जातं, पण दातात राहतं हे त्याला माहीत होतं. आपण दुधाचा दात पडला की छपरावर फेकतो. त्यानं बॉस्टनजवळच्या दोन गावांतल्या पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले. त्यांतलं शिसं मोजलं आणि मुलांच्या चाचण्या घेतल्या. वर्गशिक्षकांनाही विचारलं, मात्र कुणाच्या दातात किती शिसं ते त्यांना न सांगता. १९७९ साली निष्कर्ष छापून आले. ज्यांच्या दातांत शिसं जास्त, ती मुलं बुद्धिमापनात मागे, आणि शिक्षकांच्या नजरेतही जास्त विचलित होणारी. यातल्या एकालाही शिशाची विषबाधा झाल्याचं कुणी म्हटलं नव्हतं. शिसं वापरणाऱ्या उद्योगाच्या बाजूनं बोलणाऱ्या तज्ज्ञांनी पुढे नीडलमनवर संशोधनात लबाडी केल्याचा आरोप केला, चौकशा झाल्या, आणि तो त्यांतून निर्दोष सुटला.

"सुरक्षित पातळी" या शब्दांकडे नीट बघायला मी यातूनच शिकले. १९६० च्या दशकात अमेरिकेत मुलांच्या १०० मिलिलिटर रक्तात ६० मायक्रोग्रॅमपर्यंत शिसं चालेल असं धरत. मग ४० झालं, ३० झालं, १९८५ ला २५, १९९१ ला १०, २०१२ ला ५, आणि २०२१ पासून ३.५. शिशाचा स्वभाव काही बदलला नाही, मोजमाप बारीक होत गेलं. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की ज्याखाली काहीच अपाय नाही अशी शिशाची पातळी सापडलेली नाही. ५ मायक्रोग्रॅम म्हणजे किती? अडीच वर्षांच्या मुलाच्या अंगात साधारण लिटरभर रक्त असतं. त्या सगळ्या रक्तात मिळून ५० मायक्रोग्रॅम. बारीक मिठाचा एक कण साधारण तेवढ्याच वजनाचा असतो.

युनिसेफनं २०२० साली जाहीर केलेल्या अहवालात जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या, म्हणजे सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसं असल्याचा अंदाज होता. त्यांतली सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलं भारतातली.

मोठ्यांनी मात्र हे मुलांपुरतं आहे असं समजू नये. शिसं रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला त्रास देतं, रक्तदाब वाढवतं, मूत्रपिंडांना इजा करतं. कित्येक वर्षांनी माणसाला हृदयविकाराचा झटका येतो तेव्हा कागदावर कारण म्हणून मीठ, तंबाखू, ताणतणाव, मधुमेह येतात. शिसं कुणी लिहीत नाही, कारण ते कुणी मोजलेलंच नसतं. शिशामुळे जगात दरवर्षी किती माणसं दगावतात याचे अंदाज फार वेगवेगळे आहेत. २०१९ सालासाठी एका हिशोबात सुमारे ९ लाख, तर जागतिक बँकेच्या संशोधकांच्या हिशोबात ५५ लाख. मोजायची रीत निराळी म्हणून आकडे निराळे. पण लहान आकडा धरला तरी तो छोटा नाही.

आता घरात या. सर्वात मोठा गुन्हेगार खरं तर घराबाहेर होता: पेट्रोल. इंजिनात ठोके बसू नयेत म्हणून १९२० च्या दशकापासून पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळत आणि ते धुराड्यातून साऱ्या शहरावर बसे. भारतात २००० साली ते पूर्ण बंद झालं. जगात शेवटी अल्जीरियानं २०२१ मध्ये बंद केलं. रस्त्याकडेच्या मातीत त्यातलं काही अजून आहे, कारण शिसं कुजत नाही, विरत नाही.

रंगाचं सांगते. भिंतीला लावायच्या पाण्यातल्या रंगांत सहसा अडचण नव्हती. दारं, खिडक्या, गज, पाळणे यांना लावायच्या ऑइलपेंटमध्ये होती, त्यातही पिवळा, नारिंगी, लाल, हिरवा या झगझगीत छटांत. भारतात घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, वर नको, हा बंधनकारक नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी रंगवलेल्या खिडक्या अजून तशाच आहेत, नव्या रंगाखाली. आणि तो नियम औद्योगिक रंगांना नाही. तसल्या डब्यातला रंग कुणी गजाला किंवा बागेतल्या घसरगुंडीला फासला तर विचारणारं कोण आहे? घट्ट बसलेला रंग काही करत नाही. तो पोपडे धरतो तेव्हा, खिडकी उघडता-मिटता घासते तेव्हा, आणि माझ्यासारखं कुणी तो कोरडाच खरवडतं तेव्हा धूळ होते. जुना रंग काढायचाच तर ओला करून काढावा, पोरंबाळं आणि गरोदर बाई त्या दिवसांत दुसऱ्या घरी असावी, आणि नंतर झाडू न मारता ओल्या फडक्यानं पुसून घ्यावं. पोपडे नसतील तर वरून चांगला रंग देऊन तो झाकून टाकणं सर्वात बरं.

हळदीची गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे, कारण ती दुःखाची आहे आणि आशेचीही. हळद काढली की शिजवतात, वाळवतात, मग पिंपात फिरवून पॉलिश करतात. हळकुंड पावसात सापडलं, काळवंडलं, तर भाव पडतो. १९८० च्या दशकात बांगलादेशात मोठा पूर आला, हळद नीट वाळेना, आणि पॉलिश करताना पिवळा रंग टाकायची सवय लागली. तिकडे त्या रंगाला पेउरी म्हणतात. आपल्या पिवडीची आठवण यावी असं नाव. ती होती शिशाचा क्रोमेट. पुढे संशोधकांना खेड्यातल्या गरोदर बायांच्या रक्तात शिसं सापडलं, आणि जवळपास तर ना कारखाना ना भट्टी. मग तोच ठशाचा उपाय: रक्तातल्या शिशाचा ठसा हळदीतल्या शिशाशी जुळला. २०१९ मध्ये तिथल्या बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं होतं. मग सरकारनं गावोगावी पत्रकं लावली, हातात धरायच्या क्ष-किरण यंत्रानं घाऊक बाजारात जागच्या जागी तपासणी केली, व्यापाऱ्यांना दंड ठोठावले, बातम्या दाखवल्या. २०२१ मध्ये पुन्हा नमुने घेतले तेव्हा एकातही शिसं सापडलं नाही. दोन वर्षांत! हळद गिरणीतल्या कामगारांच्या रक्तातलं शिसंही उतरलं.

त्याच संशोधकांनी नंतर भारत, पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंका इथल्या २३ शहरांतली हळद तपासली, तेव्हा सुमारे सातातल्या एका नमुन्यात २ पीपीएमहून जास्त शिसं निघालं, आणि पाटण्यासारख्या ठिकाणी फारच जास्त. आपल्याकडे हळदीत शिशाची कायदेशीर मर्यादा १० पीपीएम आहे. घरी पाण्यात टाकून बघायच्या चाचणीवर मी विसंबणार नाही. शिशाचा क्रोमेट पाण्यात विरघळत नाही, रंग सोडत नाही. माझ्या माहेरी अजून हळकुंडं आणून मसाल्याच्या गिरणीतून दळून आणतात. हळकुंड मोडून पाहावं: आत मळकट केशरी आणि बाहेर पिवळंजर्द असेल तर ते घेऊ नये. खेडवळ, मातकट दिसणारं, पॉलिश नसलेलं हळकुंड चांगलं. सुटी, कुठली ते माहीत नसलेली झगझगीत पूड मी घरात आणत नाही.

कुंकवाचंही थोडंसं तसंच. खरं कुंकू हळदीचं. चुना किंवा टाकणखारासारखा अल्कधर्मी पदार्थ लागला की हळद लाल होते, लग्नघरी सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पण शेंदूर वेगळा. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचाच ऑक्साइड. गावोगावच्या मारुतीला आपण तो लावतो, आणि तो बोटानं कपाळी लावून त्याच बोटांनी प्रसाद खातो. भक्तीला कुणी नाही म्हणत नाही. देवाचा शेंदूर देवाला असू द्यावा. लेकरांच्या कपाळी लावू नये, आणि हात धुऊन मगच प्रसाद घ्यावा, एवढं पुरे आहे. बाळाच्या डोळ्यांत घालायचा सुरमाही टाळावा, कारण तो कधीकधी शिशाच्या खनिजाचा, गॅलेनाचा असतो.

आणि कल्हई. भर दुपारी "कल्हईऽऽ" अशी हाक यायची आणि आजी पातेली काढून ठेवायची. कल्हईवाला अंगणात खड्डा करून कोळसे पेटवायचा, भाता चालवायचा. भांडं तापलं की नवसागराची चिमूट टाकायचा, पांढरा धूर निघायचा, मग कथलाची कांडी आत टेकवून कापसाच्या बोळ्यानं सरसर फिरवायचा. काळवंडलेलं पितळ आतून चांदीसारखं व्हायचं आणि पाण्यात बुडवताच चर्र आवाज. कल्हई नसलेल्या पातेल्यात ताक, आमटी कळकते, म्हणून हा खटाटोप. यात काही वाईट नाही, कथील निरुपद्रवी आहे. पण कथील शिशापेक्षा कित्येक पट महाग, दोन्ही दिसायला करडी, आणि शिसं मिसळलं की मिश्रण आणखी कमी उष्णतेत वितळतं. तिथे मोह होतो. अशा भांड्यात ताक, चिंचेची आमटी, सोलकढी ठेवली की आंबटपणानं शिसं सुटून अन्नात उतरतं. आता पितळेची भांडी पुन्हा हौसेनं घेतली जाताहेत, म्हणून सांगते: कल्हईला देताना कांडी शुद्ध कथलाची आहे का ते विचारा. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली की आतून करकर आवाज येतो. शिसं मुकाट वाकतं आणि कागदावर घासलं तर करडी रेघ उमटते. थोडी भेसळ असेल तर यानं कळेलच असं नाही, म्हणून आंबट पदार्थ स्टीलमध्येच ठेवावा.

बॅटरीबद्दल थोडक्यात, पण ते सर्वात भयंकर आहे. जगात वापरल्या जाणाऱ्या शिशापैकी बहुतेक सगळं बॅटऱ्यांत जातं. जुनी बॅटरी भंगारात जाते, आणि ती नोंदणीकृत कारखान्यात न जाता एखाद्या शेडमध्ये गेली तर तिथे आम्ल नाल्यात ओततात आणि पट्ट्या कढईत वितळवतात. सेनेगलमध्ये डाकारजवळच्या एका वस्तीत अशाच कामामुळे २००७-०८ मध्ये १८ लहान मुलं काही महिन्यांत मेली. असं काम करणाऱ्या बापाच्या कपड्यांवरून, केसांवरून शिसं घरी येतं. बॅटरी बदलताना जुनी दुकानातच परत द्यावी, चार पैसे जास्त देतो म्हणून भलत्याच्या हाती देऊ नये.

रोजच्या सवयींचा इथे फार मोठा वाटा आहे, आणि हे मला आशादायक वाटतं. पोट रिकामं असलं की शिसं अनेक पटींनी जास्त शोषलं जातं. जेवणाबरोबर गेलं तर कमी. म्हणून मुलाला सकाळी काहीतरी खाऊ घालूनच खेळायला सोडावं. रंगकाम, भंगार, सोल्डरिंग करणाऱ्यांनी उपाशीपोटी कामाला बसू नये, उपासाच्या दिवशीही दूध-फळ घेऊन मग बसावं. शरीराला खरं कॅल्शियम आणि खरं लोह मिळालं की शिशाला जागा कमी मिळते. नाचणीत १०० ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. आंबील, भाकरी, सत्त्व, काहीही करा. तीळ, दूध, शेवगा, पालेभाजीवर लिंबू. आपल्याकडची चहा-पोळीची न्याहारी मात्र याच्या आड येते, कारण चहा अन्नातलं लोह नीट शोषू देत नाही. लेकरांना तर चहा नकोच. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. मळमळ होते, शौचाला काळं होतं म्हणून कितीतरी जणी त्या उशाखाली ठेवून देतात. पेव उघडायची वेळ हीच असते. रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसं असेल आणि आहारात कॅल्शियम किंवा लोह कमी पडत असेल, तर गरोदरपणात ते गोळ्यांनी द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शनही सांगतं. ते पेव थोडं तरी झाकून ठेवण्यासाठी.

शरीरातली विषं धुऊन काढणारे रस, काढे, पावडरी यांच्या जाहिराती रोज येतात. हाडातलं शिसं त्यांनी निघत नाही. शिसं बांधून बाहेर काढणारी खरी औषधं आहेत, पण ती रुग्णालयात, मुलांमध्ये साधारण ४५ मायक्रोग्रॅमच्या वर गेल्यावर देतात. त्याखाली उपचार एकच: शिसं येतंय कुठून ते शोधणं आणि ते बंद करणं. एखादं रसौषध चालू असेल आणि त्यात नागभस्म असेल, तर नाग म्हणजे शिसंच, हे लक्षात ठेवून वैद्यांशी बोला आणि रक्त तपासून घ्या.

तपासणी साधी आहे, ब्लड लेड टेस्ट नावाची. बोट टोचून घेतलेलं रक्त कातडीवरच्या धुळीनं फसवू शकतं, म्हणून शिरेतलं द्यावं.

चिऊचं रक्त दिलं. ६.८ आलं. बहीण रडली, मी तिच्यासमोर रडले नाही. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं नाही, पण सोडून देण्यासारखंही नाही. हिमोग्लोबिनही कमी होतं, लोहाचं औषध सुरू केलं. त्या रविवारी मी गेले. खिडकीच्या पट्ट्या साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्यानं तीनदा पुसल्या, फडकी टाकून दिली, पोपड्यांवर ओला हात फिरवून ते कागदात गोळा केले, आणि नवा रंग दिला. चिऊची गादी खिडकीपासून दूर, आतल्या भिंतीशी सरकवली. ती माझ्यामागे फिरत म्हणत होती, "मावशी, मला पण फडकं." तिला दुसऱ्या खोलीत नाचणीच्या सत्त्वाची वाटी घेऊन बसवलं.

दुसरी तपासणी तीन महिन्यांनी आहे.